सड्यावरचा हिवाळा आणि सेपिया

कोकणात थंडी पडते का, हा घाटावरच्या पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. डिसेंबरात दापोलीचा पारा पहाटे दहाच्या आसपास येतो. तेव्हा अंगणातल्या शेकोटीला हात शेकत बसलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारून पाहावा. बर्फ पडत नाही, एवढं मात्र खरं. आणि सेपिया, म्हणजे तपकिरी, टोनमधल्या हिवाळी फोटोंबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं बर्फाचंच असतं. पांढरी शेतं, उघडी झाडं, सावलीत उतरलेला निळा गारवा, आणि तो निळा तपकिरीने मारावा की राहू द्यावा यावर रंगलेला वाद.

आमच्याकडे तो वादच नाही. आमचा हिवाळा मुळात तपकिरी. कापणी झालेल्या मळ्यांतली धसकटं, सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळी माळावरचं, करकरीत वाळलेलं गवत, जांभ्या दगडाचे गडगे, खळ्याशेजारच्या उडव्या, गाड्यांनी उडवलेल्या धुळीत माखलेली रस्त्याकडेची काजूची पानं. मग तपकिरीवर आणखी तपकिरी चढवून मिळवायचं काय? माझा आतेभाऊ मुंबईत असतो, तो माझ्या प्रत्येक सेपिया फोटोखाली "वा, अगदी जुन्या काळात गेल्यासारखं वाटलं" असं लिहितो. त्याला दुखवायचं नाही म्हणून मी तिथे काही बोलत नाही. इथे बोलते. मला जुन्या काळात जायचं नसतं. सेपिया मी वापरते ते धुरक्यासाठी.

आमच्या हवेत दोन वेगळ्या गोष्टी असतात, धुकं आणि धुरकं. फोटो काढणाऱ्याने त्या ओळखायला शिकावं. पहाटे खाडीवर आणि खोलगट मळ्यांत बसतं ते धुकं, म्हणजे पाण्याचे थेंब. प्रकाशाच्या मानाने हे थेंब मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं आणि लेन्सवर कुठलाही फिल्टर लावला तरी ते जराही हटत नाही. धुरकं म्हणजे चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर, धूळ, समुद्राच्या मिठाचे बारीक कण. यातले अगदी बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात. म्हणून लांबचे डोंगर निळसर दिसतात, आणि म्हणूनच लाल फिल्टर लावला की धुरकं विरळ होतं.

हिवाळ्यात हे साठतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. रात्री आभाळ निरभ्र असल्यामुळे जमीन भरभर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर मात्र उबदार हवा राहते. शेकोटीचा धूर मग सरळ वर जात नाही, थोडा चढतो आणि आडवा पसरतो. पहाटे मतलई वारा तो हळूहळू समुद्राकडे ढकलतो. उन्हं चढली, जमीन तापली की खारा वारा सुरू होतो आणि हे सगळं विस्कटतं. तोवर, म्हणजे साधारण साडेनऊ-दहापर्यंत, सड्यावरून पूर्वेकडे पाहिलं की डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. सगळ्यात मागे सह्याद्री, तोही असला तर असला.

उजेडाचंही तसंच. डिसेंबरअखेर आमच्या अक्षांशावर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर येतो. मे महिन्यात तोच अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर सावल्या लांब, आणि उजेड कशावरही वरून आदळत नाही, कडेने येतो. वाळलेल्या गवताला असा कडेचा उजेड मिळाला की त्याची काडीन् काडी सुटी दिसते. रंगीत फोटोत मात्र या दृश्याचं काय होतं? गवत पिवळं, जांभा लाल, डोंगर निळसर राखाडी, आभाळ पाणचट. चारही रंग मळके आणि एकमेकांशी न पटणारे. कृष्णधवल केलं तर रंगांचं भांडण मिटतं, पण धुरकं नुसतं राखाडी होऊन बसतं. पावसाळी ढगाचा राखाडी आणि उन्हाने भरलेल्या धुरक्याचा राखाडी यांत कागदावर काही फरक उरत नाही. तिथे सेपिया लागतो. त्या राखाडीत ऊन आहे, एवढंच त्याने सांगायचं.

हे मला कळलं ते मामाच्या स्टुडिओत. बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. पासपोर्ट फोटो, लग्नं, आणि गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे मोठे फोटो. या तिसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक "चॉकलेटी करून द्या" म्हणायचं. कागद बहुतेकदा 'इंदू', उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. डार्करूममध्ये नेहमीसारखी कृष्णधवल प्रिंट काढायची, फक्त जरा गडद, कारण पुढच्या खटाटोपात चित्र थोडं हलकं होतं. मग धुवायची. मग परत धुवायची. मामा बोलायचा कमी, पण "बाय, आधी धू गो, घाई करू नको" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता महाविद्यालयाच्या रसायनशाळेत मुलांना मीच तसं सांगते.

धुण्यामागे कारण होतं. प्रिंट स्थिर करायला वापरलेला हायपो कागदात राहिला आणि त्यावर ब्लीचमधलं, म्हणजे पुढे चित्र फिकट करणाऱ्या पाण्यातलं, पोटॅशियम फेरिसायनाइड आलं की दोघं मिळून चांदी विरघळवतात. फोटोग्राफीत हे मिश्रण 'फार्मर्स रिड्यूसर' म्हणून मुद्दाम वापरतात, प्रिंटचा एखादा भाग उजळायचा असेल तेव्हा. पण नकळत झालं तर आधी जातात ते सगळ्यात नाजूक, उजळ भाग. चेहऱ्याच्या फोटोत गाल जातात. निसर्गचित्रात धुरकंच जातं, आणि ते गेल्यावर मागे उरतो नुसता कागद.

पुढचं काम मामा पडवीत करायचा. एक तर टोनिंगला, म्हणजे रंग चढवायला, अंधार लागत नाही. दुसरं म्हणजे सोडियम सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि त्याच्या वाफा डार्करूममधल्या कोऱ्या कागदाला धूसर करतात. वासाबद्दल शेजारच्या आजी रोज एकदा तरी बोलायच्याच. पहिल्या ट्रेमध्ये फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडचं पिवळं पाणी. त्यात प्रिंट सोडली की काळं चित्र फिकटत फिकटत जवळजवळ नाहीसं व्हायचं. काळ्या चांदीचं सिल्व्हर ब्रोमाइड झालेलं असतं. मग मधली धुलाई, कागदातला पिवळा जाईपर्यंत. मग दुसऱ्या ट्रेमध्ये सल्फाइड, आणि काही सेकंदांत चित्र परत, तपकिरी होऊन. आता ते सिल्व्हर सल्फाइड असतं. साध्या चांदीपेक्षा ते फार टिकाऊ, दमट हवेत सहजी बिघडत नाही. आमच्यासारख्या चार महिने ओल्या मुलखात ही काही लहान गोष्ट नाही. अर्थात चांदी टिकली तरी कागदावरचं जिलेटिन टिकेलच असं नाही. बुरशीला जिलेटिन आवडतं, वर सेपिया असो की नसो.

एक स्थानिक भानगडही होती. मामाच्या दुकानावरची टाकी लोखंडी, गंजलेली. त्या पाण्यातला लोहाचा कण प्रिंटवर बसला आणि वर फेरिसायनाइड आलं की तिथे गडद निळा ठिपका. तपकिरी आजोबांच्या कपाळावर निळा ठिपका कुणाला चालणार? म्हणून ब्लीचच्या आधीचं पाणी विहिरीचं, तेही फडक्यातून गाळून.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत पहिल्या ट्रेमध्ये आहे. उजळ भागात चांदी थोडी आणि बारीक, म्हणून ब्लीच तो भाग आधी खातं. गडद भागात चांदी भरपूर, तिथे वेळ लागतो. ब्लीच पातळ केलं आणि चित्र पूर्ण फिकट व्हायच्या आत प्रिंट बाहेर काढली, तर उजळ भाग तेवढे तपकिरी होतात आणि काळे काळेच राहतात. मामाला याचं कौतुक नव्हतं, गिऱ्हाइकाला पूर्ण चॉकलेटी हवं असायचं. पण उरलेल्या कागदांवर मी माझे सड्याचे फोटो असेच करायची. पुढचा ऐनाच्या झाडाचा बुंधा काळा, मागचे डोंगर उबदार. पुढे मामाने सल्फाइड सोडून थायोयुरिया आणि कॉस्टिक सोडा घेतला. वास गेला आणि छटा हाताशी आली. सोडा जास्त घातला की तपकिरी गडद आणि थंड, कमी घातला की पिवळसर. थायोयुरिया हे काही खेळायचं रसायन नाही, हातमोजे हवेतच. आजही कुणी घरी करणार असेल तर हातमोजे आणि मोकळी हवा, दोन्ही पाहिजेत.

आता संगणकावर काय बिनसतं ते सांगते. फोनमधला किंवा ॲपमधला तयार सेपिया फिल्टर पूर्ण चित्रावर एकच रंग ओततो, पांढऱ्यावरसुद्धा, आणि फोटो चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. रसायनात तसं होऊच शकत नाही. जिथे चांदी नाही तिथे रंग नाही, कागद पांढराच राहतो. त्या पांढऱ्याच्या शेजारी तपकिरी उबदार दिसतो. पांढरंच नसेल तर डोळा त्या तपकिरीलाच पांढरं मानून मोकळा होतो.

माझी पद्धत अशी. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचा. कॅमेऱ्याचा पडदा मोनोक्रोमवर ठेवते, म्हणजे बघताना रंगांनी भुलायला होत नाही आणि फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. उजेडाची मोजणी धुरक्यावरून करते आणि एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वर घेते. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो धुरक्याला मधला राखाडी करून ठेवतो. मग कृष्णधवल रूपांतर, आणि इथे मी बहुतेकांच्या उलट वागते. लोक नाट्यमय आभाळासाठी लाल फिल्टरचा परिणाम आणतात. त्याने निळा काळवंडतो, धुरकं साफ होतं आणि मागचे डोंगर पुढे येऊन उभे राहतात. हिवाळ्याचा फोटो काढून त्यातला हिवाळाच पुसायचा! मी निळ्याची पट्टी वर नेते, लाल आणि नारिंगी थोडी खाली. डोंगर मागे जातात, जांभ्याचा गडगा पुढे गडद राहतो.

हे करून पाहिल्यावर आतेभावाच्या 'जुन्या काळा'चाही उलगडा होतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आपले डॉ. नारायण दाजी, म्हणजे भाऊ दाजींचे बंधू, त्या पिढीचे फोटोग्राफर. त्या काळच्या फोटो घ्यायच्या काचा मुख्यतः निळ्या उजेडालाच जागणाऱ्या. लाल त्यांना दिसायचाच नाही. म्हणून त्या काळच्या निसर्गचित्रांत आभाळ कोरं पांढरं आणि लांबचं सगळं विरत गेलेलं. त्यांचा तपकिरी रंगही बहुतेक वेळा सेपिया टोनिंगचा नव्हेच. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदावर उन्हात छापलेलं चित्र मुळातच तपकिरी यायचं, सोन्याच्या द्रावणात ते जांभळट व्हायचं आणि पुढे वर्षानुवर्षांनी पिवळायचं. जुनेपणाची जी खूण आपण मानतो तिच्यात निळ्या उजेडात विरून गेलेल्या अंतराचा वाटा मोठा, तपकिरीचा कमी.

रूपांतर झाल्यावर रंग. लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये २०२० पासून 'कलर ग्रेडिंग' आहे, त्याआधी 'स्प्लिट टोनिंग' होतं. उजळ भागांना ह्यू (रंग कोणता) ४० च्या आसपास आणि सॅच्युरेशन (रंग किती दाट) १२. मधल्या भागांना तोच ह्यू, सॅच्युरेशन ५ किंवा ६. सावल्यांना शून्य. हे आकडे डिसेंबरातल्या सकाळचे. फेब्रुवारीत हवा आणखी धुळकट होते तेव्हा ह्यू ३५ कडे आणते, जरा लालसर. २० च्या वरचं सॅच्युरेशन मला स्वतःला बघवत नाही. काम सोळा बिटमध्ये करावं, त्यात छटांच्या पायऱ्या जास्त असतात. आठ बिटमध्ये धुरक्याच्या सलग उतारावर पट्टे उमटतात, आणि व्हॉट्सॲपवर गेल्यावर तर ते हमखास दिसतात.

कशाला सेपिया शोभतो आणि कशाला नाही, याबद्दल माझी मतं आता पक्की आहेत.

सडा शोभतो, तो सगळ्यात आधी. ऐन शोभतो, मगरीच्या पाठीसारख्या त्याच्या सालीला सावलीत काळं ठेवायचं. मोहोर आलेला आंबाही, कारण हिरवा गडद केला की मोहोर उजळ सुटतो आणि रंग नेमका त्यालाच लागतो. पुळणीवर ओहोटी पाहून जावं. डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. त्यामुळे कर्दे-मुरुडच्या सरळ किनाऱ्यावर तिरपा उजेड येतो आणि ओल्या पुळणीवरच्या लाटांच्या खुणा उठून दिसतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीजवळून दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग दिसतो. दुपारनंतर उजेड समोरून, जरा उजवीकडून येतो आणि तटाची नुसती कड उरते. ही जागा सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे तिथे सूर्यास्ताच्या वेळी पोचतात. माझ्या मते तीन-साडेतीनला जावं.

समुद्र मात्र शोभत नाही, निदान मोकळा समुद्र. निळा गेला की उरतं ते गढूळ पाणी. आसूदला केशवराजाच्या वाटेवरची पोफळीची आगरंही नकोत. तिथे बाराही महिने हिरवं आणि सावली, सगळं चित्र मधल्या राखाडीत अडकतं. रंग लागायला उजळ भागच नाही, सेपिया बसायचा कुठे? पावसाळ्याला सेपिया लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तेवढा वेळ नाही.

आणि माणसं. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, होड्यांवरून माल आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, आणि डिसेंबर आला की बाहेरून आलेले फोटोग्राफर तिथे ओळीने उभे असतात. त्यांतले निम्मे फोटो नंतर सेपियात दिसतात. बैलगाडी आहे म्हणजे जुनं आहे, असा हिशेब. त्या कोळणीच्या कमरेला मोबाइल खोचलेला असतो, ती मुंबईचा भाव विचारून बोली लावत असते. तिला तपकिरी करून शंभर वर्षं मागे ढकलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिचं लुगडं, टोपलीचं भडक प्लास्टिक, बर्फाची पेटी, सगळं रंगात दाखवा की. मामा चॉकलेटी करायचा ते गेलेल्या माणसांचे फोटो, तेही घरच्यांनी मागितल्यावर.

आता छपाई. गावातल्या लॅबमध्ये रंगीत फोटोच्या कागदावरच प्रिंट निघते, म्हणजे तुमचा तपकिरी तीन वेगवेगळे रंग मिळून तयार होतो. मशीन थोडं जरी इकडेतिकडे असलं तरी हा तपकिरी हिरवट किंवा गुलाबी होतो. रंगीत फोटोत हे खपून जातं, सेपियात लगेच डोळ्यांत येतं. म्हणून लॅबवाल्याला आधी सांगायचं की ऑटो करेक्शन बंद ठेव. नाहीतर मशीनला वाटतं फोटोवर पिवळी झाक चढलीय, आणि ते इमानदारीने ती काढून टाकतं. आधी छोट्या आकाराची एक प्रिंट मागायची, घरी आणून दिवसा खिडकीपाशी बघायची, मग रात्री ट्यूबखाली. दोन्हीकडे डोंगर उबदार आणि बुंधा काळा दिसला तर मोठी काढायला सांगायची. कागद मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर खिडकीचं प्रतिबिंब नेमकं धुरक्यात पडतं.